तक्रारपेटी आणि शाल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. तेवढं सांभाळून घ्या. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी पॅकिंगचा सुपरवायझर आहे. मशीनखाली चुणी, म्हणजे डाळीचा भुगा, साचते तसे इथं किस्से साचतात. झाडून काढले नाहीत तर श्वास घेता येत नाही!

*

बायांची तक्रार आली तर काय करायचं, याचं ट्रेनिंग द्यायला नांदेडहून एक मॅडम आल्या. आमच्या तक्रार समितीवर त्या बाहेरच्या सदस्य. साहेब लोक पुढं बसले, आम्ही सुपरवायझर मागं.

"बाईनं तक्रार केली तर पहिलं काम कोणतं?" मॅडमनी विचारलं.

गोडाऊन मॅनेजर गोविंदरावांनी हात वर केला. "तिच्या नवऱ्याला फोन!"

हॉल हसला. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

*

मॅडमच्या सांगण्यावरून तक्रारपेटी लावली. एकदम स्टीलची! गोविंदरावांच्या केबिनमध्ये, कुणी पळवू नये म्हणून. किल्ली त्यांच्याच मोटारसायकलच्या किल्लीला अडकवली.

महिन्यानं ते मिलच्या मालकांना, शेठजींना, म्हणाले, "एक बी तक्रार न्हाई! ट्रेनिंगचा लई फायदा झाला."

*

शकीला आपा शेडमध्ये डाळ निवडायच्या. एका दुपारी गोविंदरावांनी पोत्यांच्या थप्पीमागं त्यांचा हात धरला. "हात सोडा!" आपा ओरडल्या. मी गोडाऊनच्या दारात पावती घेऊन उभा होतो. मला बघून गोविंदरावांनी हात सोडला.

"काय रे, वजन झालं का?"

"हाव, साहेब," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो.

*

आपा थेट शेठजींकडं गेल्या. शेठजींनी ताबडतोब कारवाई केली. बदली! आपांची. शेडमधून अंगण झाडायला, उन्हात.

"तुझ्या सुरक्षेसाठीच करायलोय, बाई."

*

मग समिती बसली. अध्यक्ष शेठजींच्या वहिनी; मिलमध्ये पहिल्यांदाच आलेल्या, धुळीमुळं नाकाला पदर. नांदेडच्या मॅडमना तारीख कळवायचं राहून गेलं!

"कुणी पाहिलं का?" वहिनींनी आम्हा सगळ्यांना विचारलं.

आपांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलेकडं.

कागदावर आलं, साक्षीदार नाही.

*

परवा दुसरं ट्रेनिंग झालं. या वेळी मॅडमना बोलावलंच नव्हतं, शेठजींचे वकील बोलणार होते. आमच्याकडं सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. पहिलं ट्रेनिंग पूर्ण केलं म्हणून गोविंदरावांना शाल आणि नारळ. विषय बायांचा म्हणून सत्कार एका कामगार बाईच्या हातून! निवडायचं काम थांबवायचं नव्हतं, म्हणून यादी करणाऱ्यानं अंगण झाडणारीचं नाव घातलं.

माईकवर पुकारा झाला, "शकीलाबी, पुढं या."

आपा गेल्या. गोविंदरावांनी मान झुकवली. आपांनी शाल उघडली, झटकली आणि स्वतःच्याच अंगावर घेतली. नारळ काखेत मारला. खाली उतरून साहेब लोकांच्या रांगेत, गोविंदरावांच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"सोसलं मी," त्या म्हणाल्या, "अन् सत्कार यांचा?"

गोविंदरावांची मान अजून खालीच होती.

शेठजी म्हणाले, "चहा आणा रे."

काल सकाळी मी सुट्टी टाकली, दोन कागद खिशात घातले आणि मॅडमना भेटायला नांदेडची एसटी धरली. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'त्या दुपारी मी गोडाऊनच्या दारात उभा होतो.'