तांबी आणि ड्रेसिंगवाले भीमराव

भीमरावांनी एकदा नियम केला की तो मोडायची कुणाची बिशाद नव्हती, खुद्द भीमरावांचीही नाही. उमेदीची सगळी वर्षं मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत गेली. हातमोजे काढून, हात धुऊन मगच डबा उघडायचा. कंपनी बंद पडली, माणूस मात्र तसाच राहिला. पुढे गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या आश्रमात जखमा धुण्याचं, पट्ट्या बांधण्याचं काम मिळालं, तेव्हा तिथेही त्यांनी नियम बसवला: ड्रेसिंग करणाऱ्याने कुत्र्याला खायला घालायचं नाही. औषधाचा वास भाताला लागला की जनावर अन्नालाच भिऊ लागतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा भात शिजवायचा आणि घालायचा बनूबाईंनी; चिमटा, कापूस आणि सुई भीमरावांकडे. नियम तसा शहाणपणाचाच होता. फक्त आश्रमातली झाडून सगळी कुत्री बनूबाईंच्या मागे शेपट्या हलवत फिरायची आणि भीमराव दिसले की भिंतीला चिकटायची.

याचं त्यांना काही वाटत नसे. तांबी येईपर्यंत तरी नव्हतं वाटत.

तांबी एमआयडीसीच्या गटारात सापडली. टेम्पोने उडवलेली, मागचा पाय फाटलेला, जखमेत अळ्या वळवळणाऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरायला लागली नाही तर पाय काढावा लागेल. झालं, भीमराव हट्टाला पेटले. सकाळ-संध्याकाळ तिचं तोंड पट्टीने बांधायचं, एकेक अळी चिमट्याने काढायची, जखम धुवायची, मलम भरायचं. ती कण्हायची, थरथर कापायची. भीमराव तिच्या डोळ्यांत बघत नसत. बघितलं की हात कापतो, आणि हात कापला की तिलाच जास्त दुखतं.

पाय वाचला. आधी लंगडत, मग चारी पायांवर तांबी अंगणात धावू लागली, पण बनूबाईंकडे. भीमरावांची नुसती चप्पल वाजली तरी जागेवर मुतायची.

“अरे भीमराव, पट्टी सुटली तिची,” बनूबाई म्हणाल्या. “आता तरी दे की तुझ्या हाताने दोन घास. तू एवढा जीव टाकतोस तिच्यावर, तिला कळू तरी दे.”

“पट्टी सुटली, इंजेक्शनं कुठे सुटलीत? नियम म्हणजे नियम,” भीमराव म्हणाले. मन मात्र हात पुढे करत होतं. पण ऐकतील ते भीमराव कसले!

कॅम्प चार नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या खोलीत, मुलीचं लग्न झाल्यापासून, ते आणि शीला दोघंच. खाली जीन्स शिवणाऱ्या मशीनांची घरघर, वर नवराबायकोची शांतता. रोज जेवताना भीमराव तांबीच्या पायाचं पुराण लावायचे. शेवटी शीलाच म्हणाली, “अहो, घेऊनच या ना तिला. मलाही कुणीतरी सोबत होईल.” याच शब्दांची ते कधीपासून वाट बघत होते, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

बदलापूरच्या तेजल नावाच्या मुलीने फोटो बघून तांबीला मागितलं होतं. पण आश्रमाने भीमरावांना पहिला मान दिला. ते तिला रिक्षातून घरी घेऊन आले.

तांबी जी खाटेखाली शिरली ती बाहेरच येईना. भीमराव घरात असले की अन्नाला तोंड लावत नसे. मग ते गल्लीत जाऊन उभे राहायचे. शीलाने खिडकीतून “खाल्लं हो!” म्हटलं की वर यायचे. साबणाने अंग घासून झालं, आश्रमाचे कपडे बाहेरच बदलून झाले, काही उपयोग नाही. शीलाशी मात्र तिची गट्टी जमली. ते बाहेर गेले की तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची.

“महिनाभर कळ काढा,” शीला काकुळतीला येऊन म्हणाली. “मुकं जनावर आहे, विसरेल.”

इथे भीमराव चुकले. तिचे हाल बघवत नाहीत, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण त्याखाली दुसरंही एक होतं: जिच्यासाठी जिवाचं रान केलं, तिने आपल्याच घरात आपल्याला परकं करावं, हे त्यांना फार लागलं होतं. आठवडाही झाला नाही तोच त्यांनी तेजलला फोन केला. तांबीला न्यायला ती आली, तेव्हा शीला तोंड फिरवून भांडी घासत बसली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

तांबीच्या लसीची वेळ आली. तेजलने आश्रमात फोन करून भीमरावांनाच पाठवा म्हणून सांगितलं. ते बर्फाच्या डब्यात लस घेऊन बदलापूरला गेले. दारातच थांबले, म्हटलं, आपल्याला बघून पुन्हा घाबरायला नको.

तांबी बाहेर आली. तिने चप्पल हुंगली, पिशवी हुंगली, हात हुंगला. मग सावकाश शेपूट हलवली आणि त्यांचा हात चाटला.

“काका, ओळखलं की हिने तुम्हाला!” तेजल हरखून म्हणाली.

शीलाने मागितलेला महिना नुकताच सरला होता. भीमराव तिथेच, उंबऱ्यात बसले. तेजलकडून पोळीचा तुकडा मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने तांबीला भरवला. सुई पिशवीतून काढायचा त्यांना धीर झाला नाही. “ताई, लस नीट गार राहिलेली दिसत नाही. इथल्याच डॉक्टरांकडून टोचून घ्या,” असं चक्क खोटं बोलले. आतून तेजलच्या आईने “राणी!” म्हणून हाक मारली आणि तांबी त्या नव्या नावाला ओ देत आनंदाने आत पळाली. आता परत मागायला त्यांना तोंड नव्हतं.

घरी आल्यावर शीलाने ताट वाढलं. न राहवून तिने विचारलंच, “काय हो, ओळखलं का तिने?”

खरं सांगितलं असतं तर ती जन्मभर झुरली असती. भीमराव ताटाकडे बघत म्हणाले, “छे. अजून भितेच मला. दारातूनच परत फिरलो.”

शीलाने मोठा सुस्कारा सोडला. स्वतःचंही ताट घेऊन, कितीतरी दिवसांनी, ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“मग तुमचंच बरोबर होतं,” ती म्हणाली. “मीच उगाच मनात धरून बसले.”