वामनरावांच्या नावाचं मत

सौंसरला रामाकोना रस्त्यावर आमची कॉलनी आहे. शेहेचाळीस प्लॉट, त्यातल्या निम्म्यांचे मालक बाहेरगावी. रहिवासी समितीचा सचिव मी, गजेंद्र. हे आधीच सांगतो, कारण लीलाबाईंच्या बाबतीत जे झालं त्यावरचा शिक्का माझ्या हातचा आहे.

लीलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचे यजमान वामनराव शाळामास्तर. निवृत्तीनंतर वामनरावांनी कॉलनीच्या मोकळ्या जागेत टिनाचं शेड टाकून वाचनालय सुरू केलं. चार बाकं, दोन कपाटं, तीन पेपर. शेडला लागून अध्यक्ष हेमराजचं लग्नाचं लॉन. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला त्याला ती जागा हवी होती.

वामनराव नागपूरला दवाखान्यात भरती झाले आणि हेमराजनं सभा बोलावली. ज्या मालकाला येता येत नाही, त्याला कागदावर सही करून आपलं मत दुसऱ्याच्या हाती देता येतं. त्या कागदाला आम्ही प्रॉक्सी म्हणतो. हेमराजनं अठरा प्रॉक्सी टेबलावर ठेवल्या. मी त्या मोजल्या. वाचल्या नाहीत. शेड पाडायचं ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी जेसीबी आला.

भेटायला गेलेला एकजण वामनरावांना बोलून गेला, "गुरुजी, तुम्हीच तर हो म्हटलं म्हणते."

"मी? मी हो म्हटलं?" वामनराव पलंगावर उठून बसले. पुढचे नऊ दिवस येईल त्याला हेच विचारत होते. दहाव्या दिवशी गेले.

महिन्याभरानं लीलाबाई माझ्या घरी आल्या. "तो कागद दाखवा जी."

मी फाइल काढली. वामनराव सहीत आईचं नाव लिहीत, वामन पार्वताबाई. कागदावर नुसतं वामन होतं, तेही हेमराजच्या वळणाचं.

"तुम्ही पाह्यलं नाही?"

"नाही पाह्यलं, बाई."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नियमांचं पुस्तक मागितलं.

मुलगा कुणाल पोलिसात जायचं म्हणत होता. लीलाबाई नाही म्हणाल्या. "ठाण्यात कोण पाहीन त्याले? ज्या सभेत त्यानं तुह्या बाबाले खोटं पाडलं, त्याच सभेत पाडीन मी त्याले."

नियमात लिहिलं होतं, एकाच प्लॉटच्या दोन प्रॉक्सी आल्या तर नंतरच्या तारखेची खरी. तेवढ्या एका ओळीवर बाईंनी आठ महिने काढले. बसनं बोरगाव, लोधीखेडा, छिंदवाडा, नागपूर. दर वेळी सोबत वामनरावांच्या सहीचे दोन नमुने, खरा आणि खोटा.

पांढुर्ण्याला कलाबाईंकडे त्या तीनदा गेल्या. कलाबाईंचा आमच्याकडे कोपऱ्यावरचा प्लॉट. दोनदा त्यांनी दारातूनच परत पाठवलं. हेमराज नात्यातला होता. तिसऱ्यांदा लीलाबाईंनी दोन्ही सह्या त्यांच्यासमोर धरल्या.

"तुमच्याकडून कोणता कागद नेला त्यानं?"

"नळाच्या लाइनचा म्हणे. मी अंगठा देला."

"त्या अंगठ्यानं शेड पडलं बाई."

नव्या कागदासाठी कलाबाईंनीच शाईचं पॅड मागितलं.

वार्षिक सभा मार्चमध्ये झाली. अध्यक्षाची फेरनिवड होती. नियमाप्रमाणे प्रॉक्सी मतदानाआधी द्यायच्या. हेमराजनं हसत हसत सतरा ठेवल्या. लीलाबाईंनी त्याचा शेवटचा कागद टेबलावर पडू दिला, मग पिशवी उघडली. बावीस होत्या. त्यातल्या पंधरा हेमराजच्याच माणसांच्या, नंतरच्या तारखेच्या.

"मोठ्यानं वाचा, गजेंद्रभाऊ. या खेपेस एकेक वाचा."

मी वाचत गेलो. प्रत्येक नावाला हेमराजचा एक कागद बाद होत होता. कलाबाईंचं नाव आलं तेव्हा तो उभाच राहिला, "हे फोडून राहिली लोकायले!" कोणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. एकतीस विरुद्ध नऊ मतांनी त्याचं अध्यक्षपद गेलं. मग बाईंनी वामनरावांचा तो खोटा कागद सगळ्यांमध्ये फिरवला. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर त्या हेमराजकडे पाहत होत्या.

सभा सुटल्यावर तो बायकोला, छायाला, घेऊन जवळ आला. हात जोडले. "लीलाताई, चूक झाली. माफ करा."

"मी कशी करू? त्यायच्या नावानं बोलाचा कागद त्यायनं मलेही देला नव्हता."

"पोरीचं लग्न जुळून राहिलं ताई. एवढ्यावर थांबा." छाया रडत म्हणाली.

लीलाबाई थांबल्या नाहीत. नव्या समितीकडून त्यांनी ठराव करून घेतला: हेमराजनं खोट्या सहीची कबुली स्वतःच्या अक्षरात लिहावी आणि ती फाटकाच्या फलकावर महिनाभर लावावी. नाहीतर तो कागद ठाण्यात जाईल. त्यानं लिहिली. शेड पुन्हा उभं राहिलं. पोरीची सोयरीक मोडली. त्या कबुलीमुळेच की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. दिवाळीनंतर घर विकून ते पांढुर्ण्याला गेले.

सामानाचा ट्रक भरला जात होता, तेव्हा लीलाबाईंनी अंगणात खुर्ची टाकली आणि सकाळपासून तिथेच बसून राहिल्या. छाया जाताना त्यांच्याकडे बघून थबकली. बाईंनी मान वळवली नाही, खालीही घातली नाही.

ट्रक गेल्यावर कुणाल म्हणाला, "झालं न आई आता?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून आत गेल्या.