सरकारी वकिलांची पायपीट

आमचे सरकारी वकील अलिबागच्या कोर्टात इतके हळू बोलत, की जज्जसाहेबांना पुढे वाकून ऐकावं लागे. तीस सालच्या सुमारास मी त्यांच्या हाताखाली नवा वकील होतो आणि आवाज चढवल्याशिवाय वकिली होत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ते म्हणत, "ओरडायचं ते आरोपीच्या वकिलानं. आपल्या बाजूला फौजदार आहे, तुरुंग आहे, फाशीचा दोर आहे. आणखी आवाज कशाला?"

शिक्षा झाल्यावर कुणी अभिनंदन केलं तर त्यांना आवडत नसे.

दुसरी खोड चालण्याची. खुनाचा खटला उभा राहण्याआधी ते ती जागा स्वतः बघून येत. वय साठीला आलेलं, तरी धोतराचा सोगा सावरत बांधावरून चालत. मागून छत्री घेऊन मी, मनातल्या मनात कुरकुरत. पंचनामा हातात असताना ही पायपीट कशाला, हे मला कळत नसे.

रेवसच्या वाटेवरच्या एका वाडीत धाकट्या भावानं थोरल्याला कोयत्यानं मारल्याचा खटला होता. साक्षीदार एकच, माडी काढणारा. माडाच्या शेंड्यावरून सगळं पाहिलं, असं तो सांगे. धाकट्याची फाशी ठरल्यातच जमा होती. वकीलसाहेबांनी त्याच माडावर दुसऱ्या एका भंडाऱ्याला चढवलं आणि प्रेत सापडलं तिथे आम्ही दोघं उभे राहिलो. मी ओरडून विचारलं, आम्ही दिसतो का?

"पोफळीच्या झावळ्यांबिगर कायपन न्हाय दिसत, सायेब."

त्यांच्या नेमणुकीची मुदत संपत आली होती. हा खटला सोडलात तर ती वाढायची नाही, असं फौजदारानं आडून सुचवलंही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "या पुराव्यावर मी माणसाचा जीव मागू शकत नाही." खटला मागे घेतला गेला, धाकटा सुटला. सरकारी वकिली दुसऱ्याकडे गेली.

मला त्यांचा फार अभिमान वाटला. घरी पोचवताना मी तसं बोलून दाखवलं. ते दारातच थांबले.

"तरुण होतो, पाय धड होते, तेव्हा मी कुठेच गेलो नाही. कागद वाचायचो आणि उभा राहायचो. तिघे फासावर गेले. त्यांतला कोण खरा, कोण खोटा, आता कुठे जाऊन बघू?"

मी त्यांची छत्री दाराशी ठेवून निघालो. पुढच्याच वर्षी ते गेले. शोकसभेत सगळे त्यांच्या सचोटीबद्दल बोलले. मला मात्र राहून राहून ते तिघे आठवत होते, ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती.