नॉर्वेच्या डॉक्टरची नोंद

नॉर्वे माझ्या वाट्याला आला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. नांदेडचे एक निवृत्त मुख्याध्यापक शाळकरी मुलांसाठी एक जाडजूड पुस्तक काढत होते. जगातले देश आणि त्या त्या देशात होऊन गेलेली माणसं, असा त्याचा विषय. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सरांनी फोन केला तेव्हा इंग्लंड, फ्रान्स, जपान वाटून झाले होते. "तुमच्यासाठी नॉर्वे ठेवलाय," सर म्हणाले, "मागच्या दोन-तीनशे वर्षांतली वीस माणसं शोधा आणि एकेका पानाची नोंद लिहा."

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून मी लिहायला बसे. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि माझ्या कागदावर बर्फात कुत्र्यांच्या गाड्या हाकत दक्षिण ध्रुवावर पोचलेला माणूस. बाईलाही मताचा हक्क हवा म्हणून गावोगाव सभा घेणाऱ्या बाया. राजाचं न ऐकता स्वतःची घटना लिहायला एका मोठ्या घरात जमलेले शेतकरी, पाद्री आणि अधिकारी. मजा वाटत होती. माझी लेक नववीत गेली होती. ती शेजारी बसून विचारायची, "आज कोण आलंय तिकडून?"

अकरावी नोंद डॉक्टरची होती. दीडशे वर्षांपूर्वी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात कुष्ठरोग्यांची मोठमोठी इस्पितळं होती. मासे धरणारे आणि डोंगरउतारावर शेती करणारे गरीब लोक तिथं भरलेले असत. हा आजार रक्तातून, घराण्यातून येतो असं तेव्हाचे मोठे वैद्य मानत. खुद्द या डॉक्टरच्या सासऱ्याचंही तेच मत. जावयानं मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे जंतू पाहिले आणि सांगितलं की हा आजार जंतूनं होतो. मी हे सगळं भराभर उतरवून घेत होते. पुढं आजाराची लक्षणं दिली होती. कातडीवर फिकट चट्टा. त्याला खाज नाही, आग नाही. आणि त्या जागेला स्पर्श कळत नाही.

माझा पेन थांबला.

माझ्या डाव्या कोपराखाली तसा चट्टा होता. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठा. दिवाळीत दिसला तेव्हा सुरमा, म्हणजे साधं शिबं, असेल म्हणून मी मलम लावलं होतं. गेला नाही म्हणून लावणं सोडलं आणि विसरले होते.

लेक पाणी प्यायला आत गेली होती. मी पेनाचं टोक उजव्या हातावर टोचलं. लागलं. मग डाव्या हातावर, चट्ट्याच्या कडेला. लागलं. मग मधोमध टोचलं. शाईचा ठिपका उमटलेला दिसला, पण काही कळलं नाही. आणखी जोरात दाबलं. रक्ताचा बारीक थेंब आला आणि मी तो दुसऱ्याच कुणाच्या हातावर आल्यासारखा बघत राहिले.

भीती कशी असते हे मला वाटतं तोवर माहीत नव्हतं. पोटात खड्डा पडतो म्हणतात, तसलं काही झालं नाही. माझे कान बंद झाले. लेक दारात येऊन काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मी घाईघाईनं बाही खाली ओढली.

माझं माहेर उमरीजवळच्या एका खेड्यातलं. माझ्या लहानपणी थोरल्या चुलतीला हा आजार झाला होता. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. गावात रक्तपिती म्हणत, तेही दबक्या आवाजात. तिला शेतात पत्र्याचं खोपट बांधून दिलं होतं. तिचं जेवण पोचवायचं काम सुट्टीत माझ्याकडं असे. डबा दगडावर ठेवायचा, हाक मारायची आणि मागं फिरायचं. ती बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. एकदा ती आधीच दगडापाशी येऊन बसलेली. तिनं ओच्यातून बोरं काढली. बोटं आखडलेली, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून तिनं ती माझ्यापुढं केली. "घे माय, धुतल्याली हायती," ती म्हणाली. मी परकर पुढं करून बोरं घेतली आणि ओढ्यापाशी आल्यावर सगळी पाण्यात टाकली. मग परकरही तिथंच धुतला. पुढच्या वर्षी तिला कुठल्यातरी आश्रमात नेऊन सोडलं. ती परत आली नाही. तिला आणायचा विषय घरात कुणी काढला नाही, मीही नाही.

आता मला तेच दिसायला लागलं. पत्र्याचं खोपट. मी आत, आणि माझी लेक डबा ठेवून पळतेय.

आठ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. माझा पेला वेगळा केला. टॉवेल वेगळा दोरीवर टाकायला लागले. उकडतंय म्हणून खाली चटई टाकून झोपू लागले. लेकीच्या केसांना तेल लावणं बंद केलं. "आता मोठी झालीस, तुझी तू घाल वेणी," असं मी तिला म्हणाले तेव्हा तिचा चेहरा उतरला. भाकरी थापताना मी पिठातल्या माझ्या हातांकडं बघायची. मनात यायचं, आजवर या हातांनी किती भाकरी केल्या, आणि त्या कुणाकुणाच्या पोटात गेल्या.

नवऱ्याच्या लक्षात आलं. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, इंजिनाचा आवाज बदलला की त्यांना लगेच कळतं.

"काय झालं गं? लई दिवस बघायलोय, तू जेवत न्हाईस."

"ऊन लागलंय."

"दवाखान्यात जायचं का?"

"नको," मी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की ते बघतच राहिले.

लातुरात मला दवाखान्यात जायचंच नव्हतं. इथं प्रत्येक दवाखान्यात माझी कुणीतरी विद्यार्थिनी नर्स आहे, औषधांच्या दुकानात कुणाचातरी बाप बसलेला असतो. म्हणून मी नांदेडला जायचं ठरवलं. सरांना नोंदी दाखवायच्यात असं खोटं सांगितलं आणि सकाळची गाडी धरली. अहमदपुरात शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिच्या मांडीवरच्या नातवानं माझा हात धरला. मी तो झटकन सोडवून घेतला. म्हातारीला राग आला. लोहा येईपर्यंत ती माझ्याकडं पाठ करून बसली होती.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान, तिशीतली बाई होती. तिनं दार लावून घेतलं. "डोळे मिटा. जिथं पेन लागल्यासारखं वाटेल तिथं बोट ठेवा," ती म्हणाली. मी बोट ठेवत गेले. मग बराच वेळ तिनं काहीच केलं नाही असं मला वाटलं. डोळे उघडले तर ती म्हणाली, "आत्ता मी पाच वेळा टेकवला." मग तिनं कोपरामागची शीर चाचपली, बोटं पसरायला लावली, पापण्या घट्ट मिटायला लावल्या, कानाच्या पाळीतून नमुना घेतला. नमुना घेताना तेवढे हातमोजे घातले, बाकी सगळं तिनं उघड्या हातांनी केलं. त्या वेळी मला रडू आवरलं नाही.

"कुष्ठरोगच आहे," ती म्हणाली. "एकच चट्टा आहे, शीर सुजलेली नाही. लवकर आलात. सहा महिने गोळ्या. चुकवायच्या नाहीत."

"बोटं झडतील का?"

"नाही. औषध घेतलंत तर नाही."

"माझी मुलगी शेजारी झोपायची."

"झोपू द्या. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला धोका राहत नाही." तिनं पाकीट फोडून पहिल्या गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "या माझ्यासमोर घ्या. लघवी लाल होईल, घाबरू नका. कातडी थोडी काळवंडेल, नंतर उजळेल."

मी गोळ्या गिळल्या. मग तिनं वही बाजूला सारली आणि विचारलं, "घरच्यांची तपासणी करावी लागते. तुमची परवानगी असेल तर लातूरची आमची आरोग्यसेविका ताई घरी येईल. तुम्हाला ते नको असेल तर तसं सांगा, दुसरी काहीतरी वाट काढू. ठरवायचं तुम्ही."

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. परतीच्या गाडीत माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. आजाराला औषध होतं. पण आता घरी सांगायचं होतं.

संध्याकाळी चहा घेताना मी नवऱ्याला सांगितलं. सरळ एका वाक्यात. त्यांनी कपबशी खाली ठेवली.  मग म्हणाले, "मला व्हईल का?"

मला ते लागलं. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. माझ्या मनात आठ दिवस हाच प्रश्न होता, तो कुणीतरी मोठ्यानं विचारला होता.

"तपासायला येतील," मी म्हणाले. "एक गोळी देतात. मग होत नाही सहसा."

"आन् पोरीला?"

"तिलाही तपासतील."

"येऊ दे त्यांना," ते म्हणाले. "उद्याच येऊ दे."

ताई आली. साध्या साडीत, पिशवी घेऊन, एखादी नातेवाईक आल्यासारखी. लेकीची पाठ, हात, पाय बघेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला धरून उभी होते.  "पोरगी निर्मळ हाय," ताई म्हणाली. नवऱ्यालाही काही नव्हतं. दोघांनी प्रतिबंधाची गोळी घेतली. तरी पुढचे काही दिवस नवरा बाहेरच्या माठातलं पाणी पीत होते. मला ते दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं. एका दुपारी ते आपण होऊन आतल्या माठापाशी गेले आणि माझ्याच पेल्यानं पाणी प्याले. 

अर्धवट राहिलेली नोंद मी मग पुढं लिहायला घेतली, तेव्हा कळलं की मी त्या डॉक्टरबद्दल निम्मंच वाचलं होतं. त्यानं जंतू पाहिला, पण तो जंतूच आजार देतो हे सिद्ध होत नव्हतं. म्हणून त्यानं इस्पितळातल्या एका बाईच्या डोळ्यात, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला अंश सुरीच्या टोकानं टोचला. ती आधीच रोगी होती, पण तिचा आजार वेगळ्या प्रकारचा होता. तिला विचारलं नव्हतं. तिनं त्याबद्दल तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टानं त्या नावाजलेल्या डॉक्टरला इस्पितळाच्या नोकरीतून काढलं. देशाच्या कुष्ठरोग अधिकाऱ्याचं पद मात्र त्याच्याकडंच राहिलं. पुढं त्याच्याच आग्रहानं कायदे झाले. रोग्यांनी घरात वेगळ्या खोलीत राहायचं, नाहीतर इस्पितळात जायचं. आजार कमी होत गेला. किती जणींना घरातून उचलून नेलं असेल, ते त्या पानांवर नव्हतं.

मी सुरीची ओळ वाचत होते आणि माझा स्वतःचा डोळा झोंबत होता. दार लागलेलं, मोठा डॉक्टर, हातात सुरी, आणि ती खेड्यातली बाई. तिला जे भय वाटलं असेल ते मला समजत होतं. ती गप्प बसली नाही, हे मात्र समजत नव्हतं. एवढं बळ तिनं कुठून आणलं?

मी ते सगळं नोंदीत लिहिलं. सरांचा फोन आला.

"नोंद चांगली आहे. पण कोर्टाचं काढून टाका. मुलांच्या पुस्तकात मोठ्या माणसाचं वाईट कशाला?"

"सर, ते घडलेलं आहे."

"असेल. पण त्या बाईचं इथं काय काम? शोध तर त्याचा आहे."

 नवरा समोर पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली. मी म्हणाले, "सर, मला तोच आजार झालाय. गोळ्या चालू आहेत. ती बाई त्या पानावर राहिली पाहिजे."



"किती ओळी लागतील?" सरांनी विचारलं.

"सहा."

"असू द्या," ते म्हणाले.

त्यानंतर सरांनी प्रुफं बघायला मला बोलावलं नाही, पोस्टानं पाठवली. भीतीनं की सोयीनं, मला ठाऊक नाही.

सहा महिने झाले, गोळ्या संपल्या. चट्टा पुसट झालाय, पण मधली जागा अजून बधिर आहे. चुलीपाशी, इस्त्रीपाशी मी तेवढा भाग सांभाळते. पुस्तक शाळांत गेलं. परवा किल्लारीकडच्या एका बाईचा फोन आला. नंबर सरांनी दिला म्हणाली. तिच्या मुलीनं शाळेतून पुस्तक आणलं होतं.

"त्या बाईचं पुढं काय झालं, मॅडम?"

"कोर्टानं तिची बाजू धरली. पुढचं मला माहीत नाही."

 ती आवाज खाली आणून म्हणाली, "तसला चट्टा असला तर कुठं दाखवायचं असतंय?"

मी तिला सरकारी दवाखान्यातला तपासणीचा वार सांगितला, दार लावून तपासतात हे सांगितलं, गोळ्या फुकट मिळतात हे सांगितलं. चट्टा कुणाला आहे ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. "हाव, बघते," एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ती गेली की नाही मला कळलेलं नाही. मोबाइल वाजला की मी आधी नंबर बघते.