बघण्याच्या दिवशी थरथरलेली जीप

मला बघायला आलेली मंडळी जीपमधून उतरली, तेव्हा मुलाच्या आईने आधी आमच्या अंगणातला कडुलिंब धरला. मी तांब्या घेऊन पुढे झाले, तर म्हणाल्या, "पानी मागून दे बाई. आधी हे अंगण फिरायचं थांबू दे."

मंठ्याकडून तीर्थपुरीपर्यंतच्या वाटेत त्यांच्या जुन्या जीपने सगळ्यांना घुसळून काढलं होतं. वेग पन्नासच्या आसपास गेला की स्टेअरिंग थरथरायचं, मग बोनेट, मग माणसं. मुलाच्या मामांच्या तोंडातलं पान शर्टावर आलं होतं. मुलगा किल्ली हातात घेऊन ओशाळलेला उभा होता आणि जीप मात्र धुऊनपुसून नवरदेवासारखी चमकत होती.

आमच्याकडे मुलगी बघायची रीत ठरलेली. पोहे, चहा, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, आणि शेवटी मुलामुलीला गच्चीवर दहा मिनिटं. संध्याकाळी उत्तर. आधी येऊन गेलेल्यांना मी नाही म्हणाले होते, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळीच बजावलं होतं, "ह्या टायमाला नीट बघ, अन् सांजच्याला हो का न्हाई ते सांग. लोकायला तंगवू नको." बाजारात गोऱ्हा घ्यायचा तर हेच अण्णा त्याला चालवून, बसवून, औताला जुंपून बघतात. मला माणसाबरोबर जन्म काढायचा होता आणि माझ्या वाट्याला गच्ची. दहा मिनिटांत माणूस कसा ओळखायचा, हे मला कुणीच सांगत नव्हतं.

जीपचं ऐकून अण्णांच्या डोळ्यांत चमक आली. "पन्नासलाच का? सपाटीवर बी का?" असं विचारत ते थेट तिकडे गेले. टोपी, उपरणं, नारळ सगळं आईच्या गळ्यात पडलं. अण्णांच्या मागे माझे काका गेले, काकांच्या मागे मुलाचे मामा, आणि आत परातभर पोहे गार होऊ लागले.

मामांचं म्हणणं, टायरांत हवा कमीजास्त आहे. काकांचं म्हणणं, स्टेअरिंगपासून चाकांना वळवणाऱ्या टायरॉडचा सांधा ढिला झालाय. त्यांनी पुराव्याला मोबाईलवर व्हिडिओही लावला, त्यात कुठल्यातरी परदेशी डोंगरात एक जीप अशीच फडफडत होती. अण्णा म्हणाले, "चाक ज्या खिळीवर वळतं, ती किंगपिन गेलीय. बघायची बी गरज न्हाई." आणि मग ते बघायला इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी जीपखाली शिरले. पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं, हललं नाही. मुलाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवलं, अण्णांनी खालून एकेका सांध्यावर हात ठेवला, तिथेही काही नाही. उभ्या गाडीचा रोग सापडेना, म्हणजे पळवून बघणं आलं.

पहिल्या फेरीला मुलाशेजारी अण्णा बसले आणि मान धरून परतले. दुसरीला काका गेले. त्यांची कंबर मुळातच नाजूक. मामा म्हणाले, "म्या त्यातूनच आलो, माझं झालंय." स्पीडचा काटा बंद होता, त्यामुळे मोबाईलवर वेग बघून सांगायला शेजारी कुणीतरी हवंच होतं. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. दारात साडी सावरत मी उभी. ट्रॅक्टर आणि आमच्या घरची जीप मी कॉलेजपासून चालवते, हे त्यांना आठवलं. मला बघायला लोक आलेत, हे ते साफ विसरले होते.

"तू जा," ते म्हणाले. "तुला कळतंय."

आईने डोळे वटारले, तोवर मी बसलेसुद्धा होते. मग तिने राखण म्हणून काकूला मागे बसवलं. काकू पाटाच्या पुलापर्यंत जाऊन आली, उतरली आणि तडक कढीपत्त्यामागे गेली. तोंड धुऊन आल्यावर म्हणाली, "पोरगं भलं दिसतंय. जाऊ द्या दोघांलाच."

आणि अशी आमची गच्ची रस्त्यावर आली.

"चाळीस," मी मोबाईलवर बघून सांगायची. "पंचेचाळीस. पन्नास." पन्नासला सगळं सुरू व्हायचं, स्टेअरिंग, आरसा, माझ्या बांगड्या. त्याने त्याच वेळी मला "शि-शि-शिक्षण?" असं विचारलं, मी "बी-बी-एस्सी" म्हणाले आणि दोघांना असं हसू फुटलं की गाडी पंचविसावर आली. अण्णांना येऊन सांगितलं, नीट कळलं नाही, परत जावं लागंल.

हवा सारखी केली, परत गेलो. चाकाचे नट आवळले, परत गेलो. दोन्हीकडे मोसंबीच्या बागा, समोर रिकामा रस्ता, आणि मला काही केल्या हसू आवरत नव्हतं. आमच्यासारखीच त्याच्याही घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती. त्याला सापाची भीती वाटते. मागच्या एका मुलीने त्याला गावात राहतो म्हणून नाही सांगितलं होतं, आणि तिचं बराबर होतं, असं तो वर म्हणाला. गच्चीवर इस्त्रीचे कपडे घालून कुणी सापाची भीती सांगत नाही.

"गाडी मातर चकाचक हाय," मी चिडवलं.

"तीनदा धुतली. मागल्या आठवड्यात रानात रुतल्ती, ट्रॅक्टरनं ओढून काढली. दारापस्तोर चिखल."

"आतून धुतली का?"

"सीटं?"

"चाकं."

त्याने जीप बाजूला घेतली. आम्ही दोघं वाकून पाहिलं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत, काळ्या मातीचं भलं मोठं ढेकूळ वाळून विटेसारखं बसलं होतं, तेही एकाच अंगाला. हळू चालताना चाकाला त्याचं काही वाटत नसणार. वेग आला की ते एका बाजूने जड चाक गचके देत होतं आणि तेच स्टेअरिंगमध्ये येत होतं. अण्णा, काका, मामा, तिघांनी या मातीला नाक लावलं होतं. दिसली कुणालाच नाही, कारण आमच्या भागात जीपखाली काळी माती असायचीच. नसती तर तिघांनाही शंका आली असती.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"राहू द्या," मी म्हणाले.

"का?"

"अण्णांचं समाधान कुठं झालंय अजून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर परत ठेवला. मला तिथल्या तिथे गिरकी घ्यावीशी वाटली. मग मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने ती दिली आणि पलीकडून जाऊन बसला. येते का, जमंल का, काही नाही.

"पंचेचाळीस," आता तो सांगत होता. "पन्नास." स्टेअरिंग हातातून सुटून पळायला लागलं. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फार न आवळता धरून ठेवायचं, हे मला ठाऊक होतं. पण माझं अंग आकसलं ते दुसऱ्याच कारणाने. शेजारून येणाऱ्या हाताची मी वाट बघत होते. तो आलाच नाही. मी चोरून पाहिलं. जीप त्याची, कडेला पाट, आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर, मोबाईल धरून. "बावन्न," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीस. चाळीस." गाडी शांत झाली.

"हात दुखले का?" त्याने विचारलं.

दिवसभर मला नेमकं काय बघायचं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी इतकी खूश झाले की गिअर बदलायला विसरले आणि गाडी बंद पडली.

ढेकूळ खरवडून आम्ही ते घरी नेलं. मुलाने ते अण्णांपुढे ठेवून सांगितलं, "माझ्याच रानातली माती हाय. म्या नुसतं वरूनच धुत राह्यलो." मामा पोट धरून हसले, काका हसले, तोही हसला. अण्णांना किंगपिनचं जरा वाईट वाटलेलं दिसलं.

थोड्या वेळाने ते ग्रीसचे हात पुसत स्वयंपाकघरात आले. "काय मंग? हो का न्हाई?"

"हो."

"इतक्या जल्दी? काय बघितलंस?"

"स्टेअरिंग थरथरत व्हतं अन् त्यांनी हात लावला न्हाई."

"मंग कुणी लावायचा?"

"मी चालवत व्हते, अण्णा. तुम्ही असता तर तुमचा हात आला असता. साधा खड्डा आला तरी येतो. शिकवलं तुम्हीच, अन् धरू बी देत न्हाई तुम्हीच."

अण्णा फडक्याने एकच बोट पुसत राहिले. "बापाचा हात हाय तो," ते म्हणाले.

"मला म्हाईत हाय."

बाहेर जाऊन त्यांनी जाहीर केलं, पोरीला स्थळ पसंत हाय, पन गाडी बरी झाली हे मी बसल्याबिगर मानणार न्हाई. मुलाच्या आई म्हणाल्या, पोरगी चालवणार असंल तर मी बी बसते. अण्णांनी मुलाकडून किल्ली घेतली आणि माझ्या हातात दिली. स्वतः शेजारी बसले, आणि बसताना दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मला हसू येत होतं. पन्नास गेलं, पंचावन्न गेलं, स्टेअरिंग जागचं हललं नाही. पाटाच्या पुलाच्या तोंडाशी मोठा खड्डा आहे. तिथे अण्णांचा खांदा माझ्याकडे झटकन वळला, पण हात मांडीखालून निघाला नाही.