रिबिनीची रसवंती

आमचं दुकान अमरावतीच्या जुन्या बाजारात, दोन बाया शेजारी उभ्या राहिल्या की तिसरीला "सरका ना वं" म्हणावं लागतं अशा गल्लीत. विकतो काय, तर रिबीन, लेस, गोटा, बेगड, क्रेपचा कागद. जे जे गुंडाळीवर येतं ते सगळं. गुंडाळीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, तिला सुटायचंच असतं. एकदा लाल साटीनची गुंडाळी काउंटरवरून पडली, उंबरा ओलांडून गेली आणि एका ई-रिक्षाच्या चाकात अडकून थेट चौकापर्यंत पोचली. रिक्षावाल्याला वाटलं असेल, आज आपलं उद्घाटन आहे.

हा सगळा पसारा माझी आई सांभाळायची. वडील गेल्यापासून दुकान तिनंच चालवलं. मी माझी नोकरी सोडून दुकानात आले त्याला पाच वर्षं झाली, पण गादी तिची. गादी म्हणजे खरीच, कापसाची, बसून बसून मधोमध खोलगट झालेली. समोर लाकडावर ठोकलेली लोखंडी मीटरपट्टी. आई रिबीन पट्टीला लावून मोजायची आणि कापायच्या आधी चार बोटं पुढं सरकायची. याला आमच्याकडं 'वरचं' म्हणतात. वरचं दिलं नाही तर गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला मोजून नाही, ढकलून दिलं.

बरं, वरचं द्यावं तर सरळ तरी कापावं. आई वाकडं कापायची. रिबिनीचं टोक असं तिरपं, की बाई घरी जाऊन परत सरळ कापणार आणि ते वरचं तिथंच केरात जाणार. आणि खरी डोकेदुखी पुढंच होती, चौकशा.

"तीन मीटर लेस द्या."

"कायले पायजे?"

"पोरीच्या फ्रॉकले."

"केवढी हाय पोरगी?"

"पाच वर्साची."

"मंग दोनात होते. तीन कायले नेतं?"

गिऱ्हाइकाला कमी घ्यायला लावणारा दुसरा दुकानदार मी तरी पाहिला नाही. मी बाजूला दातओठ खात उभी असायची. मनात म्हणायची, अवं माय, न्यायचं तर नेऊ दे ना तिला तीन, तुझ्या बापाचं काय जातं! पण तोंडानं बोलायची हिंमत नव्हती.

आमचा ठोक व्यापारी अकोल्याचा. अमरावतीची माणसं अकोल्याच्या उन्हाला नावं ठेवतात, अकोल्याची अमरावतीच्या. दोन्हीकडं कूलरमधून वाफ सारखीच येते. तर भर उन्हाळ्यात मी त्याच्याकडं माल पाहायला गेले आणि तिथं त्याच्या दुकानात ते उभं होतं. माणसाच्या उंचीचा चकचकीत सांगाडा. आडव्या दांड्या, त्यांत ओळीनं ओवलेल्या गुंडाळ्या. प्रत्येक रिबिनीचं टोक एका फटीतून बाहेर आलेलं. फटीत रबरी चाक, चाकाला आकडा दाखवणारी खिडकी, कडेला दातेरी पातं. रिबीन ओढली की आकडा पुढं पळतो, खाली झटका दिला की तुटते. टोक असं सरळ, की मी बोट लावून पाहिलं.

"ताई, जमाना बदलून गेला," तो म्हणाला. "गिऱ्हाईक सोताच ओढते, सोताच पाहते, सोताच तोडते. तुमाले फक्त बसून राहायचं."

एवढ्या वर्षांत मला फक्त बसून राहायला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथंच भाळले. घरी काही बोलले नाही. म्हटलं, आईला सरप्राइज देऊ.

सरप्राइज आषाढात आलं, तीन खोक्यांत. जोडणीचा कागद कोणत्या भाषेत होता देव जाणे, त्यावर नुसते बाण होते. सगळं जोडून झाल्यावर माझ्या हातात पाच स्क्रू उरले. मी ते डब्यात टाकले आणि डबा वर ठेवून दिला. आई पायरीवर उभी राहून पाहत होती.

"हे रसवंती कुठून आणली वं?" तिनं विचारलं.

"रसवंती नाई आई, रिबिनीची मशीन हाय. आता तुले काई करा लागत नाई."

मशीनला जागा लागत होती म्हणून गादी उचलली. आईला दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची दिली. "आता आराम कर," मी म्हटलं, "तू फक्त लक्ष ठेव." आपल्याकडं माणसाला कामातून काढायचं असलं की त्याला लक्ष ठेवायला सांगतात. आई आली. खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून मी खाली एक खोकं सरकवलं आणि स्वतःवर भारी खूश झाले.

पहिले दिवस मजेत गेले. कॉलेजच्या पोरी मशीनसोबत फोटो काढायच्या. एक कारटं दाराशी बसलेल्या आईची नजर चुकवून अकरा मीटर सोनेरी गोटा ओढून मोकळं झालं, त्याची माय खिडकीतला आकडा बघून म्हणाली, "वा, बरोब्बर मोजते!" आणि पोराला घेऊन निघून गेली. गोटा तिथंच. पण जुन्या बाया काही रुळेनात. मशीनपुढं आल्या की गप्प व्हायच्या, दवाखान्यात आल्यासारख्या. ओढायच्या, आकडा बघायच्या, आणि मग हळूच विचारायच्या, "आन वरचं?"

"मशीनमंधी वरचं नसते," मी सांगायची. "मशीन बरोबर देते."

"हाव ना, बरोबरच देते," एक म्हातारी म्हणाली. "बरोबर तं कोनीबी देते."

एक बाई तर खिडकीतल्या आकड्याशीच भांडली. म्हणे हे ऑटोच्या मीटरसारखं धावते, उभ्या उभ्या वाढते. मी त्या सगळ्यांकडं दुर्लक्ष केलं. म्हटलं, शिकतील. अडाणी आहेत. आई दाराशी बसून येणाऱ्या बायांना "ये वं" म्हणायची, जाणाऱ्यांना "येजो" म्हणायची. मधलं काही तिच्याकडं उरलं नव्हतं. कायले पायजे, केवढी पोरगी, हे तिनं विचारणं हळूहळू बंद केलं. मला वाटलं, चला, ही पण सुधारली.

मग पोळा जवळ आला. पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा खरा हंगाम. शेतकऱ्यांच्या घरून रिबीन मीटरनं मागत नाहीत. बैलाच्या शिंगाला, गळ्याला सुतळी लावायची, जिथं माप संपेल तिथं गाठ मारायची. एका सुतळीवर सगळ्या गोठ्याचं माप. ती सुतळी पदराच्या टोकाला बांधून बाया बाजारात येतात. आई ती सुतळी घेऊन सरळ रिबिनीला लावायची आणि गाठीगाठीला कापत जायची. मीटरचा प्रश्नच येत नव्हता.

पोळ्याला आठ दिवस होते. तिवस्याकडची एक बाई आली, आईची जुनी गिऱ्हाईक. तिनं सुतळी काढून माझ्या हातात दिली. चार गाठी बैलांच्या, आणि शेवटी एक सुपारीएवढी दांडगी गाठ.

"हे कोनाचं?" मी विचारलं.

"ट्रॅक्टरचं. त्याच्या नाकाडावरबी बांधतो आमी. नाई तं पोट्टे रुसतात."

आता मशीनला मीटर पाहिजेत. दुकानात सहा बाया खोळंबलेल्या. मी विचार केला, सुतळीच मशीनमधून काढू, आकडा येईल, तेवढी रिबीन तोडू. किती हुशार मी! फटीत सुतळी घातली आणि ओढली. बैलांच्या चार गाठी खटखट करत गेल्या. ट्रॅक्टर अडकला. मी जोर लावला. चाक आतल्या आत फिरलं, कुठंतरी काहीतरी निसटलं, सुतळी पात्यावर आली आणि तिचे दोन तुकडे झाले. एक माझ्या हातात, दुसरा मशीनच्या पोटात. खिडकीत शून्य.

"अवो बाई, बैलाचं माप तोडलं की तुमी!" ती बाई ओरडली. "आता काय बैलच घेऊन येऊ तुमच्या गल्लीत?"

सगळ्या हसल्या. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली. "सरक," म्हणाली, "मले ठाऊक हाय त्याईची जोडी. मी देतो मोजून."

आणि मी, एवढ्या बायांसमोर, म्हटलं, "आई, तू मंधात येऊ नको. खुर्चीवर बस."

आई बसली नाही. तिनं त्या बाईचा हात धरला आणि दोघी दुकानाबाहेर पडल्या.

आमच्या समोर एक हारवाली बसते. वलगावकडं त्यांची फुलांची शेती आहे. वर्षभर झेंडू-शेवंती ओवते, पोळ्याच्या हंगामात बैलांचा साजही ठेवते, दोन दोऱ्यांवर गोंडे आणि रिबिनी टांगून. आई तिथं गेली, तिच्या फळीवर बसली, डोळे मिटून क्षणभर आठवलं, आणि बैलाच्या शिंगाचं माप विती-बोटांनी मोजून दिलं. ट्रॅक्टरचं मात्र अंदाजानं. मी इकडून पाहत होते. म्हटलं, येईल परत, जाते कुठं.

दुसऱ्या दिवशी आईनं सकाळी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, माझ्याकडून डबा भरून घेतला आणि समोरच्या फळीवर जाऊन बसली. म्हणजे बघा, मी पहाटे उठून भाकरी थापायच्या, आणि त्या खाऊन माझ्या आईनं माझंच गिऱ्हाईक समोर ओढायचं. पानठेल्यावरच्या रिकामटेकड्यांना महिनाभराची करमणूक झाली. "ताई, तुमची शाखा निघाली का समोर?" असं मला विचारायचे. एक दिवस मी रागानं डब्यात दोडक्याची भाजी दिली. आईला दोडका अजिबात चालत नाही. संध्याकाळी डबा घासूनपुसून रिकामा. हारवालीनं खाल्ला असणार, आणि तिला आवडलाही असणार.

घरी आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायचो. ती मला पोळी वाढायची, मी तिला वरण. दुकानाचा शब्द कोणी काढत नव्हतं. दिवसा मात्र समोर गर्दी वाढत चाललेली. "कायले पायजे? केवढा गोऱ्हा हाय?" असा तिचा आवाज पलीकडून स्पष्ट ऐकू यायचा आणि इकडं माझी मशीन उभी असायची, न्हाऊन-माखून, एकटी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझा पीळ सुटला. मी मशीन उघडली, दांड्या काढल्या, गुंडाळ्या काउंटरवर ओतल्या. गादी झटकून होती तिथं घातली. आणि गल्ली ओलांडून समोर गेले. आई रिबीन मोजत होती.

"आई, चाल," मी म्हटलं. "मशीन काढून टाकली म्या."

"कायले काढली? चांगली होती."

मला वाटलं, टोमणा मारतेय. "चांगली होती?"

"हाव. सरळ कापे." ती रिबीन बोटांवरून सरकवत होती. "मले दोन वर्सं झाले, पट्टीवरचे आकडे दिसत नाई. कात्री निरा अंदाजानं चालवतो मी. वाकडं होते ते मले मालूम नाई का?"

तेव्हा मी पाहिलं. आई फक्त मोजत होती. कात्री हारवालीच्या हातात होती. आई बोट ठेवायची, ती बोटाच्या पुढं कापायची. दोन वर्षं मी त्या वाकड्या टोकांवर चिडत होते आणि एकदाही वर मान करून आईच्या डोळ्यांकडं बघितलं नव्हतं.

"सांगितलं कावून नाई मले?"

"सांगणारच होती. तू इचारलं असतं तं मीच म्हटलं असतं, घेऊन ये मशीन. तुले आनंदानं आणू देली असती." तिनं रिबिनीवर बोट ठेवलं, हारवालीनं कापलं. "पण तू त्या अकोल्यावाल्याले इचारलं. मशीनच्या कागदाले इचारलं. मले तू खुर्ची दाखवली."

मी भर बाजारात रडायला लागले. गिऱ्हाईक बाई घाबरली, "काय झालं वं माय?" म्हणाली. "काई नाई, घरचं हाय," आई म्हणाली आणि तिला विचारलं, "गोऱ्ह्याचे शिंगं केवढे झाले आता?" मी पदरानं तोंड पुसलं. आई उठेल म्हणून बराच वेळ उभी राहिले. ती उठली नाही. हारवालीला तिनं पोळ्यापर्यंत शब्द दिला होता.

पोळा गेला. शब्द संपला, पण आई परत आली नाही. मशीन मी पुन्हा जोडली, आई चांगली म्हणाली म्हणून. या वेळी डबा काढून ते पाच स्क्रूही लावले, ती आता बरी चालते. आई मात्र रोज सकाळी डबा घेऊन समोर जाते आणि शेवंती ओवत बसते. त्याला डोळे लागत नाहीत म्हणते. डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेते म्हटलं तर 'पाहू' म्हणते.

आता मी काहीही ठरवायचं असलं की गल्ली ओलांडून तिच्याकडं जाते. परवा विचारलं, "आई, दिवाळीले सोनेरी लेस किती भरू?"

तिनं सुईतून फूल पुढं सारलं. "मले काय इचारतं," म्हणाली, "दुकान तुह्यं हाय."