रूबेन मिस्तरीची लांबलेली गोष्ट

रूबेन झिराडकर दौंडच्या लोको शेडमध्ये बॉयलरचा मिस्तरी होता, आणि ही नोकरी त्याने धरली होती ती तिथल्या गोंगाटासाठी. इंजिनाच्या पोटात घणाचे घाव बसू लागले की शेजारच्याचं शेजाऱ्याला ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. रूबेनची जीभ लहानपणापासून अडायची. ‘म’ आला की ओठ मिटले ते मिटलेच. बायकोचं नाव मिल्का. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तो बिचारा तिला ‘अगं’ म्हणूनच हाक मारी. घणाच्या आवाजात मात्र तो राजा होता. नुसता कान लावून बॉयलरची कुठली पट्टी ढिली झाली ते सांगायचा, म्हणजे बोटाने दाखवायचा.

बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुद्यांची, दौंडात कधीकाळी सात-आठ घरं होती. एकेक करून सगळी इस्राएलला गेली. पंच्याहत्तर साली रूबेनचा धाकटा भाऊ हसकेलही गेला, आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये उरले रूबेन, मिल्का आणि त्यांची म्हातारी आई दिनाबाई. पोरबाळ नव्हतं.

हसकेल गेल्याचं दुःख होतंच, पण रूबेनला खरी धडकी भरली होती ती पेसाखची. मिसर, म्हणजे इजिप्त देशातल्या गुलामीतून बापजादे देवाने धाडलेल्या मोशेच्या मागून सुटले, त्या सुटकेचा हा सण. त्या रात्री बिनखमिराची पोळी आणि कडू पाला समोर ठेवून, जेवणाआधी, घरच्या कर्त्याने ती सगळी गोष्ट तोंडाने सांगायची असा धर्माचा हुकूम आहे. आधी वडील सांगत. ते गेल्यावर हसकेल सांगू लागला, थोरल्याची जीभ अडते म्हणून. आता कर्ता एकच उरला होता, आणि गोष्ट तर मिसरची आणि मोशेची, म्हणजे पावलोपावली ‘म’.

पण रूबेन काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. हसकेल निघायच्या आधी त्याने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणून भावाकडून अख्खी गोष्ट कॅसेटवर भरून घेतली होती. पुढे तो रेकॉर्डर त्याने विकतच घेतला आणि वर्षभर निर्धास्त झोपला.

शहात्तर सालचा पेसाख चौदा एप्रिलच्या संध्याकाळी लागला. दिवस कलला तसा रूबेनने रेकॉर्डर टेबलावर मांडला आणि बटणाला बोट लावलं.

“हे काय?” दिनाबाईंनी विचारलं.

“ह-हसकेल सांगेल.”

दिनाबाई कोकणातल्या एका हजानाची, म्हणजे देवळात प्रार्थना चालवणाऱ्याची लेक. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण बापाच्या मांडीवर बसून ऐकलेलं शास्त्र त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. “अजून ऊन आहे,” त्या म्हणाल्या. “गोष्ट रात्रीची. पोळी आणि कडू पाला ताटात असेल तेव्हाची. आत्ता सांगितलेली धरत नाहीत.”

“अंधार प-पडल्यावर लावतो.”

“सण लागल्यावर यंत्राला हात लावणार?”

रूबेनने बोट काढून घेतलं. वर्षभर जपलेला बेत दोन वाक्यांत आडवा झाला होता. म्हातारी तरी थांबेल की नाही! “आणि समजा लावलास. मिल्काने त्याला प्रश्न विचारला तर उत्तर देणार आहे ते? मूल नसेल तर बायकोने विचारायचं, नवऱ्याने सांगायचं. कोणीच नसेल तर माणसाने आपलं आपल्याला विचारायचं आणि आपल्यालाच सांगायचं. पण सांगायचंच. आणि मोशेची जीभ तरी कुठे चालत होती? देवाने त्यालाच पाठवलं ना?”

हे वाक्य रूबेन चाळीस वर्षं ऐकत आला होता आणि त्याला त्याचा मनापासून राग होता. आज तो राग बाहेर आला. “त-त्याच्यासाठी बोलायला त्याचा भाऊ होता, आई. ह-हसकेल तर गेला.”

मिल्काने उगाचच ताटं पुसायला घेतली.

अंधार पडला. पांढऱ्या चादरीवर पोळ्या, कडू पाला, खजुराचा रस, मनुकांचं सरबत, सगळं मांडून झालं. आता घराचं दार उघडून, ज्याला भूक असेल त्याने यावं, असं म्हणायची रीत. मिल्काने तसं म्हणत दार उघडलं, तर दारात खरोखरच माणूस उभा. शेडमधला फायरमन चांगदेव, केंदूरचा. भीमजयंतीची मिरवणूक आटपून, कपाळाला निळा गुलाल लावून, मिस्तरीला भेटायला आला होता.

“सण हाय वाटतं तुमचा? मग उद्याच्याला येतो.”

“आता जाता येणार नाही, चांगदेवा,” दिनाबाई म्हणाल्या. “बोलावणं तोंडातून निघालं, तू समोर आलास. बैस. आणि रूबेन, ऐकणाऱ्याला कळेल त्या भाषेत सांगायची असते. इब्रीबिब्री नको, सरळ मराठीत सांग.”

मिल्काने रीतीप्रमाणे विचारलं, “अहो, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?”

तिघं रूबेनकडे बघत होते. गोष्टीची सुरुवात कमीपणापासून करायची आणि शेवट गौरवाने, असाही दंडकच आहे. त्याने ओठ उघडले. “आम्ही ग-ग-गुलाम होतो,” तो म्हणाला, आणि पुढचा ‘मिसर’ ओठांमागे अडकला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. दिनाबाईंच्या तोंडावर शब्द आला होता, पण त्यांनी तो गिळला.

“कुनाचे?” चांगदेवने विचारलं.

विचारलं म्हटल्यावर उत्तर देणं भागच होतं. “मि... मि... मिसरच्या राजाचे.”

“काय काम करून घ्यायचा?”

“विटा. इ-इमारतींसाठी विटा थापायच्या.”

चांगदेव सावरून बसला. त्याची आई शिरूरकडच्या वीटभट्टीवर राबली होती. “मातीत भुस्सा कोन घालायचं? मालक का मजूर?”

आजवर या घरात असला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. रूबेनचे डोळे चमकले. आधी पेंढा राजाचा असे, तो सांगू लागला. मग राजाने पेंढा बंद केला, म्हणाला तुम्हीच रानोमाळ हिंडून गोळा करा, आणि विटा मात्र रोज तेवढ्याच भरल्या पाहिजेत.

“पेंढ्याबिगर ईट वाळताना तडकती की!”

“त-तडकतेच. की पाठीवर फटके.”

“व्हय,” चांगदेव हळूच म्हणाला. “असंच असतंय.”

त्यानंतर गोष्ट पोथीतली राहिलीच नाही. ती दोन कामकऱ्यांची झाली. चांगदेव विचारी, रूबेन सांगे. जीभ अडायची ती अडतच होती. एकेका ‘मोशे’ला मिनिट मिनिट जायचं. पण चांगदेवला घाई नव्हती, आणि रूबेनच्या ध्यानात आलं की आपल्याला तरी कुठे आहे? मध्येच त्याने पुस्तकात नसलेलंही सांगितलं. कोकणात आम्ही घाण्यावर तेल गाळायचो, शनिवारी काम करायचो नाही, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे, आमचा बाप उंबऱ्याबाहेर उभा राहून तेल मापायचा.

“आमच्याकडंबी जयंतीला आदी हेच सांगत्यात,” चांगदेव म्हणाला. “काय व्हतो ते. मग काय झालो ते.”

दहा वाजले. आतला पुलाव कधीच गार झाला होता. जेवणाच्या शेवटी बिनखमिराच्या पोळीचा राखून ठेवलेला तुकडा मध्यरात्रीच्या आत पोटात जायला हवा, त्यामुळे मिल्काचा जीव वरखाली होत होता. गोष्ट अजून देवाने राजावर धाडलेल्या दहा अरिष्टांपैकी सातव्यावर होती. शेवटी ती नवऱ्याच्या काळजीने म्हणाली, “अहो, जुन्या काळी द्यायचे तो सणाचा बळी, पोळी आणि कडू पाला, हे तिन्ही कशासाठी तेवढं सांगितलं की हुकूम पुरा होतो. दमलात तुम्ही. आटपा तेवढ्यात.”

वाट मोकळी होती आणि शास्त्रात बसणारी होती. आदल्या वर्षीचा रूबेन त्या वाटेने पळत सुटला असता. त्याने बायकोकडे पाहिलं. “म... म...” तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा लागला. “मि-मिल्का, अजून स-समुद्र राहिलाय.”

बारा वर्षांत पहिल्यांदा नाव ऐकून मिल्काला काय वाटलं ते तिचं तिलाच ठाऊक. तिने पदराने डोळे टिपले आणि घड्याळाकडे पाठ करून बसली.

सव्वाअकराला समुद्र दुभंगला. मागून राजाचे रथ आले, पाणी परत मिटलं, माणसं पलीकडच्या काठावर कोरडी उभी राहिली, आणि रूबेन बोलायचा थांबला, कारण सांगायचं संपलं होतं. चांगदेवने सुस्कारा सोडला. “एकबी नाय बुडला?”

“ए-एकही नाही.”

मग जेवणाची एकच धांदल उडाली. चौघांनी गार पुलाव असा खाल्ला की जणू चार दिवसांचे उपाशी आहेत, आणि बाराला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा तुकडा तोंडात गेला. चांगदेवलाही त्यातला मिळाला.

“तुझ्या बापाला दीड तास लागायचा,” हात धुताना दिनाबाई म्हणाल्या. “हसकेल तर तासात उरकायचा. शास्त्र म्हणतं, या रात्री जो गोष्ट लांबवेल तो वाखाणण्याजोगा. पावणेचार तास, रूबेन! माझ्या बापानेही कधी सांगितली नव्हती एवढी.” आणि त्या भरल्या डोळ्यांनी हसल्या. रूबेनचा ऊर असा भरून आला होता की त्याला हसावं की रडावं कळेना. शेवटी तो हसला.

इस्राएलबाहेर राहणाऱ्यांना पेसाखची गोष्ट दोन रात्री सांगावी लागते. दुसऱ्या दिवशी अंधार पडताना मिल्का दार उघडते तर बाहेर चांगदेव, त्याची बायको सगुणाबाई, आणि शेडमधले सातजण. चांगदेव दिवसभर शेडमध्ये दुसरं काही बोललाच नव्हता. “ह्यास्नी ऐकायचीय,” तो म्हणाला. “पयल्यापासून.”

मिल्काने सतरंजी घातली. मंडळी बसली. एवढी परकी माणसं पाहून दिनाबाईंना आपल्या लेकाची काळजी वाटली. “त्याचं असं आहे,” त्यांनी पाहुण्यांना समजवायला सुरुवात केली, “बोलताना त्याला जरा...”

“आई,” रूबेन म्हणाला, “म-मी सांगतो.”

त्या रात्री आदल्या रात्रीपेक्षा पाव तास जास्त लागला, आणि मधून कोणीही उठलं नाही.